विमानात गोळा होणारी चिल्लर: द्यावी का, आणि दिलेली जाते कुठे?

रानजाई

विमान उतरायला तासभर राहिला की काही एअरलाइन्समध्ये अनाउन्समेंट होते. उरलेली परदेशी नाणी, छोट्या नोटा सीटच्या खिशातल्या पाकिटात टाका, क्रू येऊन गोळा करेल, पैसे मुलांच्या लसीकरणाला किंवा शाळांना जातील वगैरे. मागे दुसऱ्या एका धाग्यावर हा विषय ओझरता निघाला होता तेव्हा बहुतेकांचं मत पडलं की हा सगळा पीआर आहे, लोकांच्या पैशावर एअरलाइन स्वतःचं नाव मोठं करते. मला ते पटलं नाही, पण तिथं लिहिलं असतं तर मूळ धागा भरकटला असता म्हणून हा वेगळा काढतेय.

आधी थोडी माहिती. यातला सगळ्यात नावाजलेला उपक्रम म्हणजे युनिसेफचा 'चेंज फॉर गुड', १९८७ पासून चालू आहे. क्वांटास आणि कॅथे पॅसिफिक १९९१ ला आल्या, कोरियाची एशियाना १९९४ ला, आयर्लंडची एअर लिंगस १९९७ ला, ईझीजेट बरीच उशिरा म्हणजे २०१२ ला. ब्रिटिश एअरवेजसुद्धा १९९४ पासून युनिसेफबरोबर होती, २०१० मध्ये तिनं कॉमिक रिलीफ या ब्रिटिश मदतसंस्थेला बरोबर घेऊन 'फ्लाइंग स्टार्ट' सुरू केलं. लुफ्तान्साची गोष्ट वेगळी, तिथं कर्मचाऱ्यांनीच १९९९ मध्ये 'हेल्प अलायन्स' नावाची संस्था काढली. जेट एअरवेज उडत होती तेव्हा त्यांचाही 'मॅजिक बॉक्स' होता, त्यातले पैसे सेव्ह द चिल्ड्रन इंडियाला जायचे. चेंज फॉर गुडमधून सगळ्या एअरलाइन्स मिळून आजवर जमलेली रक्कम १० कोटी डॉलरच्या बरीच वर गेलीय, आणि यातला मोठा भाग खिशात उरलेल्या किरकोळ पैशांचा आहे हे लक्षात घ्या.

आता माझा मुद्दा. परतीच्या प्रवासात खिशात जी परदेशी नाणी उरतात ती आपल्यासाठी मेलेला पैसा असतात. मनी एक्स्चेंजवाला नोटा घेतो, नाणी परत करतो. बँकाही सहसा परदेशी नाणी घेत नाहीत कारण ती मोजायची, देशवार वेगळी करायची आणि मूळ देशात पाठवायची यातच नाण्यांच्या किमतीपेक्षा जास्त खर्च होतो. छोटी नोट असेल तर किमान कमिशनच तिला खाऊन टाकतं. म्हणजे ती घरी येऊन कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये पडणार आणि पुढच्या ट्रिपला आपण ती न्यायला विसरणार. तोच पैसा विमानातल्या दोनशे-तीनशे लोकांकडून, रोजच्या शेकडो फ्लाइट्समधून एकत्र आला की पोत्यानं परत पाठवण्याइतका होतो आणि त्याला पुन्हा किंमत येते. देणाऱ्याचं जवळपास काहीच जात नाही आणि घेणाऱ्याला खरंखुरं मिळतं, असे व्यवहार जगात फार थोडे आहेत हो. म्हणून मला ही कल्पना मनापासून आवडते.

पण कल्पना चांगली म्हणून ती राबवण्याची प्रत्येक पद्धत चांगली असं मी म्हणत नाहीये. प्रवाशावर दबाव नको आणि हिशोब दिसला पाहिजे. तुम्हा लोकांचे अनुभव आणि मतं लिहा.

हिशोबनीस

धागा चांगला आहे, पण मी त्या पीआर म्हणणाऱ्यांपैकी एक होतो आणि अजूनही माझं मत तेच आहे. माणूस सीटबेल्ट लावून बसलाय, उठून जाऊ शकत नाही, शेजारी अनोळखी लोक बघतायत, आणि युनिफॉर्ममधली व्यक्ती समोर पिशवी धरून उभी राहते. याला ऐच्छिक कसं म्हणायचं? रस्त्यावर कुणी डबा हलवला तर आपण पुढे चालू लागतो, विमानात कुठं जाणार.

दुसरं म्हणजे एअरलाइन स्वतः काय देते ते कधीच सांगत नाहीत. मासिकात आणि व्हिडिओत "आम्ही इतके लाख जमा केले" असं येतं, त्यातलं 'आम्ही' म्हणजे कोण? पैसे प्रवाशांचे, गोळा करायचे श्रम क्रूचे, आणि फोटोत मोठा चेक धरून उभे कोण तर वरचे साहेब. शिवाय या सगळ्यावर कंपनी टॅक्सची सूट घेत असणार असं मला पक्कं वाटतं.

नाणेवेडा

मी नाणी जमवतो त्यामुळं वेगळ्याच बाजूनं लिहितो. रानजाईताईंनी 'परत पाठवण्याचा खर्च' म्हटलंय ना, तो किती वेगवेगळा पडतो ते बघा. जपानचं १ येनचं नाणं ॲल्युमिनियमचं, वजन बरोबर १ ग्रॅम. म्हणजे १ किलो नाणी म्हणजे १००० येन. तेच ५०० येनचं नाणं साधारण ७ ग्रॅमचं, त्याची किलोभर नाणी म्हणजे ७० हजार येन! एकाच देशातली नाणी, एकाच पिशवीत आलेली, आणि किलोमागं सत्तर पट फरक. युरोमध्ये पण तेच, २ युरोचं नाणं ८.५ ग्रॅम म्हणजे हजार युरो सव्वाचार किलोत बसतात, आणि १ सेंटचं नाणं २.३ ग्रॅम म्हणजे हजार युरोसाठी २३० किलो उचलावे लागतील.

त्यामुळं अशा संस्थांसाठी खरं काम नाणी गोळा करणं हे नाहीच, ती वेगळी करणं हे आहे. मिसळलेल्या ढिगाला जवळपास काही किंमत नसते, वेगळ्या केलेल्याला असते. बऱ्याच ठिकाणी स्वयंसेवक बसून हाताने निवडतात, आणि काही कंपन्या परदेशी नाणी ढिगानं विकत घेऊन तेच काम व्यवसाय म्हणून करतात. माझी सगळ्यांना विनंती की तुमच्याकडं दोन-तीन देशांची नाणी असतील तर निदान मोठी मूल्यं तरी द्या, तांब्याची बारीक नाणीच तेवढी काढून देऊ नका. बारीक द्यायचीच नाहीत असं नाही, पण ती निवडायलाही कुणाचे तरी हात लागतात.

भटकभवानी

नाणेवेडा, हे मला माहीतच नव्हतं, धन्यवाद. मी आजवर नेमकं उलटं करत आले, मोठी नाणी कॉफीला आणि बारीक पाकिटात.

केबिनवाली

मी बरीच वर्षं केबिन क्रू होते (एअरलाइनचं नाव लिहीत नाही), आमच्याकडं असं कलेक्शन होतं त्यामुळं आतली पद्धत सांगते. दुसऱ्या कंपन्यांत वेगळी असू शकेल.

अनाउन्समेंट कधी करायची हे पर्सर, म्हणजे क्रूची प्रमुख, ठरवायची. डिसेंट सुरू झाला, म्हणजे विमान खाली यायला लागलं, की आम्हाला केबिन सिक्युअर करायची असते, ट्रे टेबल, सीट बॅक, खिडक्या, गॅली लॉक, तेव्हा पिशवी घेऊन फिरणं शक्यच नाही, म्हणून शेवटची सर्व्हिस आवरली की मधल्या थोड्या वेळात उरकायचं. रात्रीच्या फ्लाइटला लोक झोपलेले असले तर आम्ही अनाउन्समेंट गाळायचो आणि त्याबद्दल कुणी जाब विचारला नाही. जमलेली पाकिटं केबिनमध्ये उघडायची नाहीत, मोजायची नाहीत. सगळी एका सील होणाऱ्या पिशवीत, सील नंबर फॉर्मवर, दोघींच्या सह्या, आणि बेसवर ड्युटी फ्रीच्या कॅशबरोबरच जमा. म्हणजे मधल्यामध्ये कुणी काढून घेईल ही जी शंका लोकांना असते ती आमच्या पद्धतीत तरी फार अवघड होती.

आता हिशोबनीस यांचं दबावाचं म्हणणं. ते खरं आहे, अगदी खरं. पण तो दबाव पिशवीचा नसतो, नजरेचा असतो. आमच्या एका सिनियरनं शिकवलं होतं की पिशवी धरून चालायचं पण कुणाच्या सीटपाशी थांबायचं नाही, ज्याला द्यायचंय तो हात वर करतो किंवा पाकीट पुढं धरतो. जो वाचतोय, झोपलाय, त्याच्याकडं बघायचंच नाही. इतकं साधं केलं तरी वातावरण बदलतं. काही नवीन मुली उत्साहाच्या भरात प्रत्येक रांगेला थांबून विचारायच्या, त्यांना आम्ही थांबवायचो.

आणि एक, जे मला अजून आठवतं ते म्हणजे देणारे लोक. बिझनेस क्लासमधून जास्त येईल असं वाटतं ना, तसं काही नसायचं. लहान मुलं फार आवडीनं द्यायची, आई-बाबांच्या मागं लागून त्यांच्या खिशातली नाणी काढून घ्यायची. कामासाठी परदेशात राहणारे, वर्षा-दोन वर्षांनी घरी निघालेले लोकही द्यायचे, मूठभर नाणी आणि वर एक नोट दुमडून. त्यांना ती नोट जड नसेल असं कसं म्हणू.

हिशोबनीस

केबिनवाली, सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. सील आणि सह्या असतील तर चोरीची शंका मी मागे घेतो. (तशी ती माझी मुख्य शंका नव्हतीच.) पण तुम्हीच शेवटी लिहिलंत तेच मला खुपतं. वर्षा-दोन वर्षांनी घरी जाणारा माणूस नोट दुमडून देतो आणि ज्या कंपनीनं त्याच्याकडून सीझनचं चढं भाडं घेतलं ती स्वतः किती देते?

रानजाई

हिशोबनीस, टॅक्सचा मुद्दा आधी संपवते, कारण तो प्रत्येक चर्चेत येतो. दुकानाच्या बिलावर "रक्कम पूर्ण करून दान कराल का" विचारतात त्याबद्दलही हाच समज आहे. अमेरिकेचं उदाहरण घेऊ. जी कंपनी दुसऱ्यांनी दिलेलं दान फक्त गोळा करून पुढे पोचवते तिला ते स्वतःचं दान म्हणून दाखवून वजावट घेता येत नाही, कारण तो पैसा तिचं उत्पन्नच नाही. वजावटीचा हक्क असलाच तर देणाऱ्याचा. आणि तिथं २००७ पासून कितीही छोटी रोख रक्कम असली तरी बँकेची नोंद किंवा संस्थेची लेखी पावती लागते, त्यामुळं पाकिटात नाणी टाकणाऱ्यालाही ती मिळत नाही. थोडक्यात कुणालाच मिळत नाही.

ब्रिटनमध्ये जरा वेगळं आहे. तिथं करदात्यानं 'गिफ्ट एड'ची घोषणा भरून दिली तर संस्थेला प्रत्येक पाउंडामागे सरकारकडून २५ पेन्स वरून मिळतात. शिवाय २०१३ पासून लहान रोख देणग्यांसाठी वेगळी योजना आहे, आता ३० पाउंडांपर्यंतच्या देणगीला नाव-पत्ता न घेताही संस्था तेवढीच भर मागू शकते, फक्त त्याला वर्षाची मर्यादा आहे. म्हणजे जो काही करफायदा आहे तो संस्थेच्या पदरात पडतो, एअरलाइनच्या नाही.

पण "एअरलाइन स्वतः काय देते" या तुमच्या प्रश्नाशी मी शंभर टक्के सहमत. क्रूचा वेळ, पिशव्या, पाकिटं छापणं, नाणी वाहून नेणं हे कंपनी करते आणि तेही देणंच आहे, तेवढं श्रेय मी देईन. पण "आम्ही जमा केले" आणि "आम्ही दिले" या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो मुद्दाम पुसला जातो तेव्हा रागच येतो. प्रवाशांनी दिले तर प्रवाशांनी दिले असं लिहा. त्याशेजारी कंपनीनं स्वतःच्या नफ्यातून किती घातले तो आकडा लिहा, शून्य असेल तर शून्य लिहा.

मितभाषी

+१. शेवटचा परिच्छेद फार महत्त्वाचा.

दूरदेशी

उरलेल्या नाण्यांचं काय होतं याचं एक उदाहरण इथं द्यावंसं वाटतं. अमेरिकेतल्या विमानतळांवर सिक्युरिटीच्या ट्रेमध्ये लोक खिशातली नाणी काढून ठेवतात आणि घाईत तिथंच विसरतात. ही रक्कम किती असेल? २०१८ च्या आर्थिक वर्षात ९ लाख ६० हजार डॉलर, २०१९ मध्ये ९ लाख २६ हजार. नुसते विसरलेले! कायद्यानं तो पैसा टीएसए, म्हणजे तिथली विमानतळ तपासणी करणारी सरकारी यंत्रणा, स्वतःकडं ठेवते आणि विमानतळ सुरक्षेवरच खर्च करते. म्हणजे कुणी काहीच मागितलं नाही तरी इतकी चिल्लर सांडते. मग कुणी हात पुढं करून, सांगून, पाकीट देऊन मागितली तर त्यात वाईट काय वाटायचं?

युरो आला तेव्हाचंही सांगतो. १ जानेवारी २००२ ला बारा देशांची नाणी-नोटा एकदम बदलल्या. लोकांच्या घरात फ्रँक, लिरा, मार्क, पेसेटा यांचे ढीग पडून राहिले. जर्मनीचा मार्क आजही तिथल्या मध्यवर्ती बँकेत मुदतीशिवाय बदलून मिळतो, पण फ्रेंच फ्रँकच्या नोटांची मुदत फेब्रुवारी २०१२ मध्ये संपली आणि स्पेनच्या पेसेटाची ३० जून २०२१ ला. त्यानंतर तो पैसा खऱ्या अर्थानं मेला. वेळेत कुणाच्या तरी पाकिटात गेला असता तर कामी आला असता. ब्रिटनची जुनी गोल एक पाउंडाची नाणी पण बघा, ऑक्टोबर २०१७ मध्ये चलनातून गेली, आणि अजून किती घरांत असतील.

अनवट

सगळं वाचतोय. माझा प्रश्न साधा आहे, पोचतं का? नाणी दिली, सील झाली, निवडली, बदलली, पुढं काय? कारण दर टप्प्याला थोडं थोडं गळत जाऊन शेवटी मुलाच्या हातात काय येतं हे कळल्याशिवाय मला द्यावंसं वाटत नाही.

केबिनवाली

अनवट, आमच्या बेसवरच्या काही जणींना संस्थेनं एका प्रकल्पावर नेलं होतं, मीही होते. देशाचं नाव लिहीत नाही. तिथं कुपोषित मुलांचं केंद्र होतं. शेंगदाण्याच्या पेस्टची पाकिटं देतात, उपचाराचंच अन्न आहे ते, एक पाकीट ९२ ग्रॅमचं, त्यात ५०० कॅलरी. पाणी मिसळावं लागत नाही, शिजवावं लागत नाही, फ्रीज लागत नाही, त्यामुळं पाणी खराब असलेल्या ठिकाणी पण चालतं आणि आई घरीच खाऊ घालू शकते. १५० पाकिटांचा एक खोका म्हणजे साधारण एका मुलाचा सहा ते आठ आठवड्यांचा पूर्ण उपचार. मुलांना दर आठवड्याला दंडाभोवती पट्टी लावून मोजायचे, लाल, पिवळा, हिरवा असे रंग असतात त्यावर. एका बाईनं तिच्या मुलाची पट्टी हिरव्यात आलेली आम्हाला मुद्दाम बोलावून दाखवली.

तो खोका नेमका आमच्या फ्लाइटच्या पैशातून आला का, हे कुणीच सांगू शकणार नाही, पैसा एकत्र होतो आणि मग जातो. पण परत आल्यावर मी अनाउन्समेंट वेगळ्या आवाजात करायला लागले हे नक्की. तोवर कागद वाचून दाखवायचे, नंतर मला काय बोलतेय ते माहीत होतं.

अनवट

हे वाचून बरं वाटलं. पण ताई, माझ्या प्रश्नाचं उत्तर अर्धंच मिळालं. संस्थेचं काम चांगलं आहे यावर माझा विश्वास आहे, मला मधल्या वाटेचा हिशोब हवाय. शंभरातले किती.

रानजाई

अनवट, तुमचा प्रश्न योग्यच आहे आणि तो एअरलाइनला विचारायचा आहे. संस्थांचे वार्षिक अहवाल, ऑडिट झालेले जमाखर्च सहसा वेबसाइटवर असतात, त्यात व्यवस्थापनाचा आणि निधी उभारण्याचा खर्च वेगळा दाखवलेला असतो. तो बघायला पाच मिनिटं लागतात. अडचण त्याच्या आधीच्या टप्प्याची आहे. विमानातून किती किलो नाणी उतरली, ती बदलताना किती कटली, किती नाणी बदलताच आली नाहीत, हे सहसा कुठं वाचायला मिळत नाही. फक्त शेवटचा मोठा आकडा येतो. मला वाटतं पाकिटावरच दोन ओळी छापता येतील, मागच्या वर्षी एवढे जमले, बदलण्यात एवढे गेले, संस्थेला एवढे पोचले. पाकीट तर छापतातच.

ट्रान्झिट_लाउंज

मी उशिरा आलो, पण एक गोष्ट कुणीच लिहिली नाही म्हणून लिहितो. आता नाणी राहिलीत कुठं? मी हल्ली प्रवासात कॅश काढतच नाही, सगळं कार्ड नाहीतर फोन. २०१९ मध्ये जगात साधारण ४५० कोटी लोकांनी विमानप्रवास केला, २०२० मध्ये तो आकडा १८० कोटींवर आला, आणि त्याच काळात सगळीकडं कॅशला हात लावायचं बंद झालं. प्रवासी परत आले पण कॅश तेवढी परत आली नाही. म्हणून आता सीटच्या खिशात क्यूआर कोड दिसतो, ड्युटी फ्रीच्या मशीनवर "एक युरो दान जोडू का" असं येतं, तिकीट बुक करताना पण येतं. मग पुढच्या दहा वर्षांत ही पाकिटं राहतील का? आणि नाही राहिली तर काय बिघडलं, क्यूआरनं तर हिशोब उलट स्वच्छ होतो, नाणी निवडायला नकोत, सील नको, सरळ संस्थेच्या खात्यात.

मितभाषी

बरोबर. क्यूआर बेस्ट.

रानजाई

ट्रान्झिट_लाउंज, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत आणि मला वाटतं या धाग्याचा खरा विषय हाच आहे. हिशोबाच्या दृष्टीनं क्यूआर सरस आहे, ते मान्य. पण दान म्हणून त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पाकिटात टाकलेलं नाणं हा मेलेला पैसा होता. त्याचा मला उपयोग नव्हता, तो फक्त एकत्र आला तरच जिवंत होणार होता, आणि विमान ही अशी एकच जागा आहे जिथं शेकडो लोकांच्या खिशात एकाच वेळी असा मेलेला पैसा असतो. म्हणून तिथं मागण्याला एक न्याय होता. क्यूआरवर जो एक युरो जातो तो माझ्या खात्यातला जिवंत पैसा आहे. तो मी घरी बसून, विचार करून, मला पटलेल्या कुठल्याही संस्थेला देऊ शकते. मग तो सीटबेल्ट लावलेला असताना, उतरायच्या गडबडीत, एअरलाइननं निवडलेल्या संस्थेलाच का द्यायचा? इथं हिशोबनीस यांचा दबावाचा आक्षेप मला पूर्णपणे लागू वाटतो. नाण्यांच्या बाबतीत मी म्हणू शकत होते की जाऊ दे, तसंही ड्रॉवरमध्येच पडली असती. इथं तसं म्हणता येत नाही.

प्रिया रघुबीर आणि जॉयदीप श्रीवास्तव या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं होतं की तेवढीच रक्कम एका मोठ्या नोटेत असली तर माणूस ती मोडायला कचरतो आणि सुट्ट्या नाण्यांत असली तर सहज खर्च करतो. नाणी आपल्या मनात आधीच 'गेलेली' असतात. एअरलाइन्सचं कलेक्शन त्याच स्वभावावर उभं आहे आणि त्यात कुणाचं नुकसान नाही. पण तीच 'चिल्लर तर आहे' ही भाषा कार्डाच्या पेमेंटला लावली की लोकांची फसगत होते असं माझं म्हणणं आहे. कार्डावर चिल्लर नसते.

हिशोबनीस

रानजाई, हे मला पटलं. मी सुरुवातीपासून ज्यावर चिडत होतो ते बहुतेक हेच असावं. बुकिंगच्या वेळी येतं ते तर आणखी वाईट. एका साइटवर दानाच्या चौकोनात आधीच टिक असायची, काढली नाही तर रक्कम वाढायची. युरोपियन युनियननं जून २०१४ पासून अशी आधीच टिक केलेली जादा रक्कम बंद केली, ग्राहकानं स्वतः होकार दिला पाहिजे असा नियम आला, तेव्हा कुठं तिथं थांबलं. दान करायला लावण्यासाठी कायदा लागत नाही पण दान उकळणं थांबवायला लागतो, ही काही चांगली खूण नाही.

केबिनवाली

क्रूच्या बाजूनं पण फरक पडतो. पिशवी घेऊन फिरताना मी मुलांसाठी मागत होते. कार्ड मशीनवर विक्रीबरोबर दान विचारायला लावलं की परफ्यूम, सँडविच आणि दान एकाच यादीत येतं आणि कुणी किती 'विकलं' याची तुलना व्हायला वेळ लागत नाही. माझ्या जुन्या मैत्रिणी सांगतात त्यावरून ही भीती खोटी नाही. दानाच्या रकमेवरून क्रूचं कौतुक किंवा कानउघाडणी, दोन्ही होता कामा नये.

दूरदेशी

मग मेलेलाच पैसा शोधायचा तर एअरलाइनकडं अजून बराच आहे की! माइल्स, म्हणजे प्रवास केल्यावर खात्यात जमणारे पॉइंट्स. कितीतरी लोकांचे माइल्स थोडे थोडे जमतात, त्यात तिकीटही येत नाही आणि बऱ्याच कंपन्यांत ठरावीक काळानं ते बाद होतात. एमिरेट्स, युनायटेड अशा काही कंपन्या माइल्स दान करू देतात आणि ते उपचारासाठी प्रवास करणाऱ्या मुलांना किंवा मदतकार्याला जाणाऱ्यांना तिकीट म्हणून वापरले जातात. हे थेट आहे, बदलायला नको, निवडायला नको. यात कंपनीला स्वतःची सीट द्यावी लागते, म्हणजे हिशोबनीस म्हणतात तसं तिच्या खिशातूनही काहीतरी जातं.

दुसरा म्हणजे न वापरलेल्या तिकिटावरचा टॅक्स. ब्रिटनमध्ये प्रवाशानं विमानप्रवास केलाच नाही तर त्याच्या नावचा एअर पॅसेंजर ड्यूटी एअरलाइनला सरकारकडं भरावा लागत नाही. प्रवासी तो परत मागू शकतो पण मागत नाहीत, कारण बऱ्याच कंपन्यांची परत देण्याची फीच टॅक्सइतकी किंवा जास्त असते. मग तो पैसा राहतो कुठं? कंपनीकडं. तिकीट रद्द करताना एकच प्रश्न विचारा ना, हा टॅक्स तुम्हाला परत हवा की या संस्थेला देऊ. फी न कापता.

नाणेवेडा

दूरदेशी, टॅक्सची कल्पना जबरदस्त आहे. पण पाकिटं बंद पडावीत असं मला वाटत नाही. कॅश कमी झालीय, संपलेली नाही. आणि जितकी कमी वापरली जाते तितकी उरलेली नाणी जास्त निरुपयोगी होतात, कारण पुढच्या ट्रिपलाही ती कुणी नेत नाही. आधी डब्यात ठेवलेली तरी परत वापरात यायची.

भटकभवानी

एक विचारू का? माझ्याकडं बऱ्याच देशांची जुनी नाणी आहेत, काही तर आता चालत नाहीत. ती पाकिटात टाकली तर चालतात का, की संस्थेला उगाच त्रास?

नाणेवेडा

चलनात नसलेली नाणी शक्यतो टाकू नका, निवडणाऱ्यांचं काम वाढतं. आधी त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या साइटवर बघा बदलून मिळतात का. जर्मन मार्क असतील तर नाणी पण बदलतात. ब्रिटनच्या जुन्या कागदी नोटा बँक ऑफ इंग्लंड अजून घेते, त्याला मुदत नाही, त्या नोटा दिल्यात तर संस्थेला नक्कीच उपयोगी पडतील. बाकी नाण्यांत कधीकधी एखादं संग्राहकांना हवं असलेलं निघतं, फोटो टाका, मी बघून सांगतो.

रानजाई

भटकभवानी, फोटो जरूर टाका, पण वेगळ्या धाग्यावर, इथं लिंक द्या.

चर्चेतून मी एक मेल तयार केलाय, ज्यांच्या नेहमीच्या एअरलाइनमध्ये असं कलेक्शन होतं त्यांनी आपापल्या भाषेत बदलून पाठवावा:

"तुमच्या विमानांत प्रवाशांकडून जमा होणाऱ्या देणगीबद्दल पुढील माहिती हवी आहे. गेल्या वर्षी रोख किती जमली, त्यातली बदलताना किती कमी झाली आणि संस्थेला प्रत्यक्ष किती पोचली? कार्डानं आणि क्यूआरनं जमलेली रक्कम वेगळी दाखवता का? कंपनीनं स्वतःच्या पैशातून त्यात किती घातले? देणगीच्या रकमेचा क्रूच्या कामाच्या मूल्यमापनाशी काही संबंध आहे का? न वापरलेल्या तिकिटांवरचा जो टॅक्स प्रवासी परत मागत नाहीत तो देणगी म्हणून वळवण्याचा पर्याय तुम्ही द्याल का?"

उत्तर आलं तर जसंच्या तसं इथं टाका, नाही आलं तर तेही लिहा.

अनवट

पाठवला. त्यात एक ओळ मी वाढवली, "ज्या नाण्यांचं काहीच करता आलं नाही त्यांचं काय केलंत". उत्तर आलं की लिहितो.